सुकेळी आणि अ‍ॅप

वसईतल्या नंदाखालच्या काही घरांत हल्ली जेवणाआधी दोन विधी होतात: प्रार्थना आणि ताटाचा फोटो. फोटो आधी, कारण आहार मोजणाऱ्या अ‍ॅपला धीर नाही. मग ते सांगतं, आज भात फार झाला. वसईच्या माणसाला हे सांगायला उपग्रह लागतो!

खरी गंमत सुकेळीची. राजेळी केळी सोलायची, दिवसेंदिवस उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या सोपटात बांधायची. न साखर, न तेल. अ‍ॅपला ती ओळखू येत नाही. ते विचारतं, ‘बनाना चिप्स?’ आणि लाल रंग दाखवतं. पाकिटातला ‘एनर्जी बार’ मात्र हिरवा, कारण त्याला बारकोड आहे.

२०१८ साली केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ‘ईट राइट इंडिया’ मोहीम काढली: तेल, मीठ, साखर थोडी कमी करा. सल्ला रास्तच. पण त्याच मोबाइलवर रात्री दहाला दुसरं अ‍ॅप बिर्याणी निम्म्या किमतीत देतं, तेव्हा प्राधिकरण झोपलेलं असतं.

आणि मनगटावरच्या घड्याळाची ती रोजची दहा हजार पावलं! हा आकडा डॉक्टरांचा नव्हे. १९६५च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राचं ते नावच होतं. इथल्या भाजीवाल्या बाया डोक्यावर पाटी घेऊन पहाटेच्या लोकलने मुंबई गाठायच्या, त्यांची पावलं कुणी मोजली नाहीत. नातू सोफ्यावर बसून मनगट हलवतोय. नऊशे बाकी आहेत म्हणे.