उद्यापासून बंद

आमच्या मजल्यावरच्या काकांना सगळे 'उद्यापासून काका' म्हणतात, अर्थात पाठीमागे. ताटात जिलबी पडली की "उद्यापासून गोड बंद हं!" असं ते जिलबीलाच बजावतात.

अख्खा पदार्थ मागणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. "अर्धीच वाढ गं पोळी." मग ती उरलेली अर्धी उगाच वाळेल, म्हणून तीही. मग पुन्हा अर्धी. होळीला किती पुरणपोळ्या गेल्या ते सूनबाईंना विचारा; काकांच्या हिशेबी त्यांनी एकही अख्खी खाल्लेली नाही. शिवाय उभ्याने खाल्लेलं ते धरतच नाहीत. डबा न वाजवता चकली काढणं त्यांना जमतं, पण चकली मुकाट्याने थोडीच मोडते?

"अहो, भाजणी जमलीय ना?" काकू आतून विचारतात.

"कुठली भाजणी?" चकली गालात तशीच धरून काका म्हणतात आणि ती मऊ पडायची वाट बघत उभे राहतात. चकलीचे याहून मोठे हाल कुणी केले नसतील.

डाएटचा अभ्यास मात्र दांडगा. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात दिवसातून दोनदाच जेवा, 55 मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगतात तूप खा, भात खा, आंबाही खा. काकांनी कुणालाच दुखावलं नाही. एकाकडून 55 मिनिटं घेतली, दुसरीकडून तूप. चोपन्नाव्या मिनिटाला श्रीखंडाची वाटी पुढे ओढताना त्यांची नजर घड्याळावर असते, त्यामुळे श्रीखंड कसं झालंय हे त्यांना आजवर सांगता आलेलं नाही.

खरे सुखात जेवतात ते एकादशीला. त्या दिवशी लाज नाही, चोरी नाही, उलट पुण्य. साबुदाणा ज्या कंदातून निघतो तो कसावा, शेंगदाणा, बटाटा, मिरची, सगळे मूळचे अमेरिका खंडांतले. पण विठोबाने त्यांना कधीच आपलं म्हटलंय, मग काकांनी का परकं मानावं? 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण 350 कॅलरी, म्हणजे जवळपास तांदळाइतक्याच, हे मी एकदा बोलून बसलो. "उपासाच्या दिवशी कॅलरी काढू नयेत," काका गंभीरपणे म्हणाले आणि खिचडीवर दही घेतलं.

काकूंच्या तोंडून 'उद्यापासून' कधी ऐकलं नाही. त्या जेवायला बसतात, पोळीवर तूप घेतात, चवीने खातात, पोट भरलं की उठतात. काका याला मनोनिग्रह म्हणतात. मला वाटतं, उद्याही पोळी मिळणार आहे हे काकूंना पक्कं ठाऊक असतं, एवढंच. काकांची प्रत्येक पोळी जन्मातली शेवटची. मग माणूस ती सोडेल कशी?

मध्यंतरी काकांनी रक्त तपासलं. साखर ठीक, कोलेस्टेरॉल ठीक. "सगळं खा, फक्त नीट बसून खा," डॉक्टर म्हणाले. काका पडल्या चेहऱ्याने घरी आले. इतक्या वर्षांच्या अपराधाची कागदावर साधी नोंदही नसावी?

"दुसऱ्या लॅबमध्ये करून बघतो उद्या," ते म्हणाले. तपासणीआधी बारा तास उपाशी राहायचं, म्हणून रात्री आठच्या आतच त्यांनी बासुंदी संपवली. अर्धी-अर्धी वाटी करत.