किडा दिसला की आधी आडवे व्हा

अभिनंदन! लाखालाखाच्या लेन्सा आपल्याला परवडत नाहीत आणि वाघ काही सोसायटीत येत नाही, हे वेळीच ध्यानात आल्यामुळे तुम्ही किड्यांकडे वळला आहात. इथे तिकीट नाही, जिप्सी नाही, गाइडची मनधरणी नाही. फक्त कोपरं आणि गुडघे तेवढे शाबूत हवेत.

साहित्य: शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स असेल तर उत्तमच. नसेल तर कपाटातली जुनी ५० मिलिमीटरची लेन्स रिव्हर्स रिंग लावून उलटी बसवा. काम भागतं, फक्त येणाराजाणारा ‘अहो, लेन्स उलटी लागलीय’ असं सांगतो, त्याला हो म्हणायचं. फ्लॅशच्या तोंडाशी पॅकिंगमधून आलेला पांढरा फोम बांधा, नाहीतर भुंग्याच्या गुळगुळीत पाठीवर पांढरा फटक डाग पडतो. ट्रायपॉड घरीच ठेवा. तो उघडून तीन पाय गवतात नीट रोवेपर्यंत किडा दुसऱ्या वॉर्डात गेलेला असतो.

वेळ: पहाट. याला पर्याय नाही. किड्यांना उडायचं तर पंखांचे स्नायू तापावे लागतात, आणि त्यासाठी बहुतेकांना आधी ऊन खावं लागतं. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सूर्य उगवायच्या सुमारास टाचण्या आणि चतुर अंगभर दव घेऊन गवताच्या पात्यांना चिकटून बसलेले सापडतात. दहाला निवांत नाश्ता करून पोचणाऱ्यांच्या वाट्याला रिकामं गवत येतं. तरी अगदीच निराश होऊ नका: चतुर उडाला तर मागे धावू नका, बसून राहा. बरेचसे चतुर फेरी मारून पुन्हा त्याच काडीवर येतात. भर दुपारी तर काही चतुर शेपटीचं टोक सूर्याकडे रोखून जवळजवळ शीर्षासन करतात, अंगावर कमी ऊन पडावं म्हणून. टोपी न घालता आलेल्या तुम्हाला हे जरूर बघण्यासारखं आहे.

स्थळ: नवशिके पहिल्याच रविवारी ताम्हिणी नाहीतर आंबोली गाठतात. माझं मत विचाराल तर आधी स्वयंपाकघराच्या खिडकीतली कढीपत्त्याची कुंडी बघा. तिच्यावर लिंबाची फुलपाखरं किंवा मॉरमॉन अंडी घालतात. अंड्यातून निघालेली अळी हुबेहूब पक्ष्याची शीट दिसते, तपकिरी-पांढरी आणि ओलसर चमकणारी. कोण खाणार असलं काही? मोठी झाली की ती हिरवीगार होते आणि पानात दिसेनाशी होते. जरा जास्त जवळ जा, मग डोक्यामागून एक मऊ, दुबेळकी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. तोच क्षण टिपायचा. तो टिपला की घरच्यांशी तह करायचा, कारण तोवर फोडणीला एक पान शिल्लक राहिलेलं नसतं.

आता मुख्य गोष्ट. किडा प्रत्यक्षाएवढाच सेन्सरवर उमटेल इतकं जवळ गेलात, की एफ-११ ला सुद्धा जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो. डोळा धरला तर मिशी सुटते, मिशी धरली तर डोळा. फोकसची रिंग फिरवत बसू नका. स्वतः केसभर पुढे-मागे डुला आणि श्वास सोडता सोडता बटण दाबा. त्याच घटकेला वारा सुटतो. वारा पडला की वॉचमन येतो आणि काय हरवलंय म्हणून विचारतो. ‘किडा बघतोय’ हे खरं उत्तर देऊ नये. तो सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलावतो.

काही हुशार मंडळी किडा फ्रिजमध्ये गार करून सावकाश फोटो काढतात. असल्या फोटोला मी पंचनामा म्हणतो. तुम्ही तसं करू नका.

हळदीकुंकू फुलपाखराने पंख उघडावेत म्हणून ताटकळणंही सोडा. त्याचा हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल रंग पंखांच्या खालच्या बाजूला असतो. मिटून बसलं की सारं दिसतं. कॅमेरा मात्र पंखांना समांतर धरा, म्हणजे तो मिलिमीटर सत्कारणी लागेल.

थोडं धाडस आलं की आंब्याकडे वळा. पानं शिवून घर करणारे तांबडे मुंगळे, कोकणातले हुमले, तिथे भेटतील. त्यांच्या वाटेवर कोपर टेकू नका. ते चावतात आणि चावलेल्या जागी आम्लही सोडतात. पण त्यांच्यात एखादा मुंगळा जरा वेगळा वाटला, तर पाय मोजा. आठ भरले तर तो मुंगळ्याचं सोंग घेतलेला कोळी. पुढचे दोन पाय तो मिशांसारखे उंचावून हलवतो. नराचे जबडे तर इतके लांब, की एक मुंगळा दुसऱ्याला तोंडात धरून निघालाय असं वाटतं. शास्त्राप्रमाणे हा कीटक नव्हेच, पण इतक्या मेहनतीचा मान म्हणून फोटो ठेवून द्या.

शेवटची पायरी, प्रदर्शन. निवडक फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. मामा अंगठा दाखवतील. आत्या विचारेल, ‘हे घरात शिरलं तर काय मारायचं?’ फवाऱ्याचं नाव सांगू नका. पुढच्या रविवारी तिच्याच बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर तुम्हाला काम आहे.