बिटरेटवाले तात्या

लग्नात भटजी आणि वधूवर यांच्या मधोमध तिपाई रोवून उभा राहणारा आणि अंतरपाट सरण्याच्या नेमक्या क्षणी कोन जुळवण्यासाठी नवरदेवास 'जरा डावीकडे' अशी आज्ञा फर्मावणारा जो गृहस्थ प्रत्येक गोतावळ्याच्या वाट्यास येतो, त्याची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. आमच्या वाट्यास तात्या आले आहेत. चित्रीकरणाचा उपद्रव एक वेळ सोसवतो, कारण पंगती उठल्या की तो आटोपतो. खरा उपसर्ग सुरू होतो तो पुढे, ते चित्रण यूट्यूबवर चढवण्याजोग्या स्वरूपात 'एक्स्पोर्ट' करण्याची घटका आली म्हणजे.

कोणाच्या घरच्या बारशाचा व्हिडिओ पाहताना इतर माणसे बाळ कोणावर गेले आहे, हे विचारतात. तात्या 'बिटरेट किती ठेवला होता?' असे विचारतात. नव्या जावयाने मोठ्या हौसेने काश्मीरचे बर्फ दाखवले, तेव्हाही त्यांनी हाच सवाल केला, आणि समाधानकारक उत्तर रुजू न झाल्यामुळे त्या होतकरू तरुणाच्या एकंदर चारित्र्याविषयी त्यांच्या मनात जो संशय उत्पन्न झाला, त्याचे निरसन अद्याप झालेले नाही. त्यांची संहिता मुखोद्गत आहे: 1080 रेषांचे चित्र सेकंदाला 25 फ्रेमचे असेल तर 8 मेगाबिट, 50 फ्रेमचे असेल तर 12, फाइल एमपीफोर, कोडेक एच.264, आवाज एएसी आणि तोही 48 किलोहर्ट्झचा. पंचवीसच फ्रेम का, असे विचारण्याचे धाडस केलेच तर आपली वीज 50 हर्ट्झची असून तीस फ्रेमनी चित्रण केल्यास मांडवातील ट्यूबलाइटी लुकलुकण्याचा संभव कसा असतो, याचे साद्यंत निरूपण जेवणाची ताटे वाढून होईपर्यंत ऐकावे लागते.

एक्स्पोर्ट लागला की त्यांच्या घरात अघोषित संचारबंदी असते. लॅपटॉपच्या पोटाला वारा लागावा म्हणून तो दोन उपड्या वाट्यांवर विराजमान होतो, फ्यूज उडण्याच्या भयाने चटणी तहकूब होते आणि आल्यागेल्यास चहाऐवजी टक्केवारी मिळते. 'टू-पास' पद्धतीत संगणक पहिल्या फेरीत साऱ्या चित्रणाची केवळ पाहणी करतो आणि दुसरीत ते लिहून काढतो; त्यामुळे वेळ दुपटीच्या घरात जातो आणि तात्यांचा आनंदही. इतके होऊन नवरीच्या शालूवर कोठे चौकोनी डाग दिसला, की ती फाइल रद्दबातल ठरून पुन्हा श्रीगणेशा!

'तात्या, तुम्ही काहीही पाठवले तरी यूट्यूब त्याचे आपल्या परीने पुन्हा दाबून बारीक करणारच ना?' असे मी एकदा विचारले. 'गिरणी दुसऱ्याची आहे म्हणून गहू निवडायचा नाही की काय?' असे म्हणून त्यांनी मला निरुत्तर केले. मोठ्या चित्रास तिकडे बिटांचा शिधा सढळ मिळतो, हे कळल्यापासून तर ते साधे एचडी चित्रणही ताणून फोर-के करून पाठवतात. एवढ्या सायासाने सिद्ध झालेली ती कलाकृती आमचे आप्तजन लोकलच्या गर्दीत, तळहाताएवढ्या पडद्यावर, डेटा वाचवण्यासाठी 144 रेषांत पाहतात, आणि आपण दिसून गेलो की बंद करतात.

या माणसाविषयी चार शब्द बरे लिहावेत, असे मला कधी वाटले नव्हते. पण आमच्या आत्याबाई गेल्या. त्यांची छबी शोधू लागल्यावर मुलांच्या मोबाइलांत जे सापडले, ते व्हॉट्सअॅपवरून दहा ठिकाणी फिरून इतके झिजले होते, की नऊवारी ओळखू येत होती, चेहरा नव्हे. तात्यांनी आपल्या हार्ड डिस्कवरून नातवाच्या मुंजीची मूळ प्रत काढली. तीत आत्याबाईंच्या नथीचे मोती मोजून घ्यावेत, आणि मातृभोजनाच्या वेळी नातवाला 'सावकाश जेव रे' म्हणताना लागलेला दमही ऐकू यावा! ज्या सुरकुत्या आम्ही कोणी समोर असताना नीट पाहिल्या नव्हत्या, त्यांचा एकही बिट गहाळ होऊ न देण्यासाठी हा गृहस्थ रात्री जागत होता तर.

मुलांचे डोळे भरून आले. मग थोरला म्हणाला, 'फाइल फारच मोठी आहे हो तात्या. ग्रुपवर जाईल अशी लहान करून द्या.' बिटरेटचा उच्चारही न करता तात्यांनी ती निमूटपणे लहान करून दिली. मूळ प्रत त्यांच्या दप्तरी सुरक्षित आहे. अद्याप कोणी मागणी केलेली नाही.