नक्की ना?

पूर्वी एखादी फाइल पुसायला घेतली की संगणक जरा थबकायचा. मधोमध एक चौकट उगवायची : ‘तुम्हाला नक्की ही फाइल डिलीट करायची आहे का?’ स्वर इतका सभ्य, की क्षणभर आपल्यालाच आपल्या वैराग्याची शंका यावी. हो म्हटलं की फाइल रीसायकल बिनमध्ये जायची, म्हणजे घरातून माळ्यावर. माळ्यावरून तिला खरोखरच हाकलायला गेलं, की तोच प्रश्न पुन्हा. कधी नुसतं उघडून पाहिलेलं पान मिटतानाही तो विचारतो, ‘केलेले बदल साठवायचे का?’ न केलेल्या बदलांची इतक्या आपुलकीनं चौकशी आजवर माझ्याकडे कोणी केलेली नाही.

2007 साली घरोघर आलेल्या विंडोज व्हिस्टानं तर या काळजीचा प्रयोगच लावला. नवा प्रोग्राम बसवायला घेतला की सगळा पडदा काळवंडायचा आणि त्या अंधारात एकच चौकट उजळून उभी राहायची : परवानगी आहे ना? अ‍ॅपलनं त्यावर जाहिरात काढली. तीत काळा चष्मा घातलेला एक रक्षक बिचाऱ्या पीसीच्या वाक्यावाक्याला परवानगी विचारत राहतो. खरी गंमत त्यानंतरची. 2008 साली मायक्रोसॉफ्टच्याच डेव्हिड क्रॉस यांनी एका परिषदेत सांगून टाकलं, की हे वैताग आणण्यासाठीच केलं होतं. लोक कावले म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांवर दडपण येईल आणि ते ऊठसूट सगळे अधिकार मागायचे थांबतील, असा तो हिशेब. लेकी बोले सुने लागे. यातली बोलणी खाणारी लेक म्हणजे आपण.

आपल्याकडे मंगलाष्टकांच्या शेवटी ‘सावधान’ येतं. तो इशारा मनावर घेऊन मांडवातून पळाला तो, आख्यायिकेनुसार, एकटा जांबचा नारायण. पुढे समर्थ रामदास झालेला. बाकीचे नवरदेव अंतरपाटाकडे तोंड करून, कॉलरमध्ये शिरलेल्या अक्षता सोसत, हे कधी आटपतं याची वाट पाहतात. सावधान होण्याचं कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. मॅकिंटॉश प्रकल्प सुरू करणारे जेफ रास्किन यांनी 2000 सालच्या ‘द ह्युमेन इंटरफेस’ या पुस्तकात हेच दुखणं ओळखलं होतं. सारखी खात्री करून घेतली, की ‘हो’ म्हणणं हा पुसण्याच्या सवयीचाच भाग होऊन बसतो. डोळे चौकटीपर्यंत पोहोचण्याआधी बोट पोहोचलेलं असतं. त्यापेक्षा केलेलं मागे फिरवू द्यावं, असं त्यांचं म्हणणं. मला ते फार माणुसकीचं वाटतं. प्रश्न काही करण्याआधी पडतात आणि पश्चात्ताप नंतर होतो, हे त्या माणसाला ठाऊक होतं.

वडील पत्र टाकायला निघाले की मी बरोबर असे. पाकीट उलटसुलट करून ते पत्ता वाचत, मग ते लाल पेटीत सोडत, आणि सोडल्यावर फटीत बोटं घालून नीट खाली पडलंय ना, हेही चाचपत. स्वतःची खात्री स्वतःच करून घेणारी ती पिढी. एकदा मात्र पत्र टाकून झाल्यावरही ते बराच वेळ पेटीपाशी उभे राहिले. पेटीवर कुलूप होतं. कुणाला काय लिहिलं होतं, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. घरी येताना त्यांनी मला उगाचच शेंगदाणे घेऊन दिले.

जीमेलमध्ये धाडलेलं पत्र परत बोलावता येतं. आपण काही केलं नाही तर त्यासाठी पाच सेकंद मिळतात. सेटिंगमध्ये जाऊन तीस करता येतात. तीसच करून ठेवा. बदल साठवायचं बटण पानाच्या अगदी तळाशी असतं, ते दाबायचं राहू देऊ नका.