‘सिना पेसा’ म्हणणारे गृहस्थ

पूर्व आफ्रिकेत कराराच्या नोकरीवर गेलेल्या परदेशी मंडळींमध्ये एक वर्ग असा आढळतो की, जो स्वाहिली भाषेचा श्रीगणेशा नमस्काराने न करता नकाराने करतो. या वर्गातील गृहस्थ मुंबई-पुण्याकडचे हिशेबनीस असोत, प्रकल्प-अभियंते असोत की युरोपातून आलेले सल्लागार असोत, दार-एस-सलामला पाऊल ठेवल्यानंतर त्यांनी कमावलेली पहिली भाषिक मालमत्ता ‘सिना पेसा’, म्हणजे ‘माझ्यापाशी पैसे नाहीत’, ही असते. त्यातही मराठी गृहस्थाला हे वाक्य विशेष लवकर साधते, कारण स्वाहिलीतही मराठीप्रमाणेच मालकी असण्या-नसण्यानेच सांगितली जाते, फक्त तेथे माणूस वस्तूसह असतो किंवा नसतो. ‘निना’ म्हणजे माझ्यापाशी आहे आणि ‘सिना’ म्हणजे माझ्यापाशी नाही. ‘हुना’ (तुझ्यापाशी नाही) आणि ‘हाना’ (त्याच्यापाशी नाही) ही पुढची रूपे मात्र त्याच्या वहीत कोरीच राहतात, कारण दुसऱ्याच्या खिशात काही नाही हे बोलून दाखवण्याची गरज त्याला सहसा भासत नाही.

महिनाभरात गृहस्थाची प्रगती होते आणि ‘पेसा’च्या जागी तो ‘हेला’ म्हणू लागतो. टांझानियात पैशाला हाच शब्द अधिक रुळलेला आहे आणि तो जर्मन अंमलाची खूण आहे, कारण त्या अंमलात चालणाऱ्या रुपयाचे आधी ६४ पेसा होत असत, ते १९०४ साली बदलून त्याचे १०० हेलर करण्यात आले. ही माहिती गृहस्थाला तोंडपाठ असते आणि नव्याने आलेल्या देशबांधवांना तो ती जेवणाच्या पंगतीत ऐकवतो. बाजारात तिचा उपयोग शून्य. तेथे फळवाल्यापासून ‘बजाजी’वाल्यापर्यंत सगळे त्याला ‘बोसी’ किंवा ‘ताजिरी’, म्हणजे साहेब किंवा धनिक, अशीच हाक मारतात. (तीनचाकी रिक्षेला, मग ती कोणत्याही कंपनीची असो, तेथे पुण्याच्या बजाजवरून बजाजीच म्हणतात, आणि परमुलखात हे नाव ऐकून मराठी गृहस्थाची छाती घटकाभर फुगते, तरी त्यामुळे भाड्याची घासाघीस काही थांबत नाही.) धनिक म्हणून हाक आल्यावर ‘सिना हेला’ असे उत्तर देणारा माणूस ऐकणाऱ्याला खोटारडा वाटत नाही, विनोदी वाटतो.

या विनोदाचे पूर्ण रूप दार-एस-सलामच्या कारियाकू बाजारात कलिंगडाच्या ढिगापाशी पाहावयास मिळते. विक्रेती बाई तीन हजार शिलिंग सांगते, गृहस्थ ‘घाली साना’, म्हणजे फार महाग, असे म्हणून ‘सिना हेला’चा बाण सोडतात, आणि बाई अगदी मनापासून ‘पोले, बाबा’ म्हणते. ‘पोले’ हा सहानुभूतीचा उद्गार असून तो ठेच लागलेल्यापासून घरी मयत झालेल्यापर्यंत सर्वांना उद्देशून काढला जातो. आपल्या महिन्याच्या पगारात ढिगासकट हातगाडी येईल अशा माणसाला ही सहानुभूती मिळते, ती तो विनासंकोच पदरात पाडून घेतो, पाचशे शिलिंग कमी करवतो आणि मग पाकिटातून दहा हजारांची लालसर करकरीत नोट काढतो. त्यावर बाई म्हणते, ‘सिना चेंजी’, माझ्यापाशी सुटे नाहीत. त्या संपूर्ण व्यवहारात नसण्याविषयी उच्चारलेले हे एकमेव खरे वाक्य असते, आणि सुटे मिळवण्यासाठी एक पोरगा शेजारच्या चार दुकानांतून धावून येतो.

ज्याच्याकडे खरोखरच पैसे नसतात, तो ‘सिना पेसा’ असे उघडेवाघडे वाक्य क्वचितच बोलतो, ही गोष्ट गृहस्थाच्या ध्यानात उशिरा येते. कडकी लागलेला दार-एस-सलामचा तरुण मित्रांत ‘निमेफुलिया’ म्हणतो, ज्यातील धातू मुळात कपडे धुण्याचा आहे, किंवा ‘निमेचाचा’, म्हणजे आपण आंबलो आहोत, असे सांगतो. टांझानियात जॉन मागुफुली यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या काळात हात आखडले गेले तेव्हा ‘व्यूमा विमेकाझा’, लोखंडे आवळली गेली, हा प्रयोग घरोघरी पोहोचला. शेजारच्या केनियात ‘म्वेझी उको कोना’, महिना कोपऱ्यावर आला आहे, एवढे म्हटले की ऐकणारा उसनवारीचा विषय काढत नाही, आणि नाताळच्या खर्चानंतरच्या जानेवारीला तेथे ‘न्जा’, म्हणजे भूक, हा शब्द जोडून ‘न्जानुअरी’ केलेले आहे. फेरीवाल्याला वाटेला लावण्यासाठीसुद्धा ‘असांते, सिकू न्यिंगिने’, आभारी आहे, पुन्हा कधीतरी, हे पुरेसे असते, कारण त्यात कोणाचे दारिद्र्य जाहीर करावे लागत नाही.

शिवाय मोबाइलवरून पैसे देण्याची एम-पेसा ही सोय केनियात २००७ साली आणि लगोलग टांझानियातही सुरू झाल्यापासून रोकड नसल्याची सबब निकालात निघाली आहे, कारण आता नारळपाणीवालासुद्धा आपला क्रमांक पुठ्ठ्यावर लिहून समोर धरतो.

दोन वर्षांत गृहस्थ वरील सर्व प्रयोग आत्मसात करतात आणि बंगल्याच्या फाटकावरील ‘म्लिंझी’ला, म्हणजे पहारेकऱ्याला, दर महिन्याला न चुकता ‘व्यूमा विमेकाझा’ असे हसत ऐकवतात. पुढे एकदा महिनाअखेरीस तो पहारेकरी रीतीप्रमाणे आधी कामाची, मग घरची, मुलाबाळांची आणि पावसाची विचारपूस करतो, प्रत्येक प्रश्नाला गृहस्थ ‘न्झुरी’, छान, असे चटपटीत उत्तर देतात, आणि मग तो खालच्या आवाजात ‘निना शिदा किदोगो’, जरा अडचण आहे, असे म्हणतो. नवा प्रयोग सापडल्याच्या आनंदात गृहस्थ वही काढून तो शुद्ध स्वरूपात टिपून घेतात आणि याचा नेमका अर्थ काय, असे त्यालाच विचारतात. पहारेकरी आकडा सांगतो.