विस्कटलेले आकडे: वाचनाची शास्त्रोक्त पद्धत

आरटीटीवाय म्हणजे रेडिओ टेलिटाइप. या प्रकारच्या स्पर्धेत दोन हौशी केंद्रे एकमेकांशी गप्पा मारत नाहीत. आकडे देतात, आकडे घेतात आणि निघून जातात. बहुतेक स्पर्धांत पहिला आकडा ५९९ असतो. वाचनीयता ५ पैकी ५, तीव्रता ९ पैकी ९, स्वराची शुद्धता ९ पैकी ९, असा त्याचा अर्थ. ज्या केंद्राचे एक अक्षरही धड उमटलेले नाही त्यालाही ५९९ कळवण्याची आणि लगेच ‘क्रमांक पुन्हा पाठवा’ म्हणण्याची रीत आहे. या दोन विधानांत विसंगती आहे, असे आजवर कोणत्याही हॅमला, म्हणजे हौशी रेडिओचालकाला, वाटलेले नाही. त्यामुळे ५९९ चे वाचन चुकले तरी चिंता नसते. खरा प्रश्न त्यापुढच्या आकड्याचा, म्हणजे संपर्काच्या किंवा क्षेत्राच्या क्रमांकाचा आहे.

१. बिघाडाचे मूळ

आरटीटीवायच्या लिपीत प्रत्येक चिन्हाला पाच बिट मिळतात. पाच बिटांतून ३२ जुळण्या होतात. २६ अक्षरे आणि १० आकडे त्यांत मावत नाहीत. म्हणून एकच जुळणी एका अक्षरालाही दिली आणि एका आकड्यालाही. कोणता अर्थ घ्यायचा हे ‘आता अक्षरे’ आणि ‘आता आकडे’ अशी दोन बदलचिन्हे सांगतात. पहिल्याची जुळणी १११११, दुसऱ्याची ११०११. म्हणजे दोन जगांमधल्या भिंतीची जाडी एक बिट.

बिट हवेतून जातात ते १७० हर्ट्‌झच्या अंतरावरील दोन स्वरांवर, सेकंदाला ४५.४५ या वेगाने. एका बिटाच्या वाट्याला सुमारे २२ मिलिसेकंद येतात. आयनोस्फिअरने तेवढ्यात एक स्वर गिळला, तरी यंत्र काहीतरी छापतेच. चूक ओळखण्याची कोणतीही सोय या लिपीत नाही. यंत्र ठामपणे चुकते, आणि नवशिका त्या ठामपणावर विश्वास ठेवतो.

२. अक्षरांचे आकड्यांत रूपांतर

पडद्यावर ‘टीओओ’ उमटले तर गोंधळू नये. ते ५९९ च आहे. फक्त बदलचिन्ह वाटेत हरवले आहे. कळफलकाच्या वरच्या ओळीतील क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय, यू, आय, ओ, पी ही अक्षरे क्रमाने १ ते ९ आणि ० यांच्या जोडीदार आहेत. ‘पीक्यूडब्ल्यूई’ म्हणजे ०१२३. दोन आकड्यांमध्ये आडवी रेघ पाठवली असेल, तर तिच्या जागी ‘ए’ दिसतो. हे कोष्टक पाठ केलेला हॅम चारचौघांत सहज ओळखू येतो, कारण त्याच्याशी बोलायला फारसे कोणी थांबत नाही.

३. आकड्यांचे स्वभाव

एक बिट उलटला की आकडा कशात बदलेल, हे ठरलेले असते. १ हा सर्वांत चंचल. त्याचा कोणताही बिट उलटला तरी ०, २, ६, ७ किंवा ‘आता अक्षरे’ हे बदलचिन्ह, यांपैकीच काहीतरी निघते. म्हणजे चुकीचा १ बहुधा खराच वाटतो. ५ आणि ९ एकमेकांचे रूप घेतात. ७ चा ८ होतो, ८ चा ०. ३ आणि ४ मात्र सत्शील: एका बिटाच्या चुकीने त्यांचा दुसरा आकडा कधीच होत नाही. बिघडले तर उघड बिघडतात. म्हणून ३३४ हा क्रमांक मिळाला तर निर्धास्त राहावे आणि १११ मिळाला तर संशय धरावा.

८ ची आणखी एक खोड आहे. एका बिटाच्या फरकाने तो रिकामी जागा होतो. बऱ्याच यंत्रांत रिकामी जागा येताच अक्षरांकडे परतण्याची सोय चालू असते. अशा वेळी ०१८४ चे ‘०१’, मग पोकळी, मग ‘आर’ असे होते. एक बिट गेला आणि दोन आकडे घेऊन गेला.

४. परिस्थितिजन्य पुरावा

सीक्यू वर्ल्डवाइड आरटीटीवाय स्पर्धेत क्षेत्रक्रमांक देतात. भारताच्या मुख्य भूमीचा क्रमांक २२. पुण्याच्या केंद्राकडून १२ आले, तर ते चिलीत हलल्याचे मानण्यापूर्वी आधी २ चा १ झाल्याचे मानावे. अमेरिकेबाबत ही युक्ती चालत नाही: कॅलिफोर्नियाचे कॉलसाइन घेऊन माणूस फ्लोरिडात राहत असतो, आणि ३ ऐवजी ५ हेच बरोबर असते.

ब्रिटिश संस्था बार्टगच्या मार्चमधील स्पर्धेत क्रमांकासोबत जागतिक वेळही पाठवतात. ती स्वतःच्या घड्याळाशी ताडता येते. अर्थात दोन्ही घड्याळे बरोबर आहेत असे धरून.

प्रत्येक संपर्काला पुढचा क्रमांक देणाऱ्या स्पर्धेत समोरच्या केंद्राचा पुढचा संपर्क ऐकावा आणि एक वजा करावा. मात्र ते केंद्र दोन रेडिओ चालवत असेल, तर मधला क्रमांक दुसऱ्या पट्ट्यावर खर्च झालेला असतो आणि वजाबाकी बरोबर येऊनही उत्तर चुकते.

५. अंतिम उपाय

वरील सर्व विश्लेषण करायला सरावलेल्या व्यक्तीला अर्धे मिनिट लागते. ‘क्रमांक पुन्हा?’ असे विचारून उत्तर मिळवायला पाच-सहा सेकंद पुरतात. तरीही हा उपाय शेवटी ठेवण्याची परंपरा आहे, कारण विचारण्यात कौशल्य दिसत नाही. उत्तरात क्रमांक दोनदा आला आणि दोन्ही वेळा सारखा असला, तर तो लिहावा. वेगवेगळा आला, तर तिसऱ्यांदा विचारावे. सरासरी काढू नये.

स्पर्धा संपल्यावर ध्वनिमुद्रण किंवा माहितीसाठे चाळून नोंदी सुधारण्यास सीक्यूच्या नियमांत मनाई आहे. तपासणीत दोन्ही बाजूंच्या नोंदी संगणक समोरासमोर ठेवतो आणि पाठवलेला आकडा लिहिलेल्या आकड्याशी जुळला नाही तर तो संपर्क बाद होतो. तर्क कितीही सुंदर असला तरी त्याला वेगळे गुण नाहीत.