आमच्याकडे डास आहेत

आमच्या आष्टीत ढेकूण नाहीत. कोणालाही विचारा. "ढेकून? नाई जी, डास हायेत." आणि शेजारी? "त्याईच्याकडं असतीन. आपन कायले नाव घ्याव कोनाचं?" गावातला प्रत्येक जण कोणाचा तरी शेजारी असतो, त्यामुळे बाकी हिशेब तुम्हीच करा.

1942 च्या 16 ऑगस्टला हेच गाव इंग्रजांच्या पोलीस ठाण्यावर चालून गेलं. म्हणून तर गावाच्या नावापुढे ‘शहीद’ लागतं. त्या गावातला माणूस आज भरदुपारी आपली बाज अंगणात काढायला घाबरतो. ठाणेदार परवडला, पण समोरच्या काकू नकोत.

तेव्हा ढेकूण ओळखायचे कसे ते सांगतो. लपवायचे कसे ते तुम्हाला येतंच.

अंगावरून ओळखू नका. वर्धा जिल्ह्यात गांधी उठल्या म्हणजे त्या सेवाग्रामच्या नव्हेत, तशा ढेकणाच्याच असतील असंही नाही. एकाच गादीवर बायकोच्या दंडावर तीन-चार ओळीनं उठतात आणि नवऱ्याचं अंग कोरं. चावतो त्यालाही, पण काहींची कातडी तक्रारच करत नाही. मग नवरा विचारतो, "तुलेच काहून चावते?" आणि ढेकूण राहतो बाजूला, माहेरापर्यंतचं प्रकरण निघतं.

खरा पुरावा गादीत. एका रात्री अडीचला बॅटरी घेऊन मी गादीची शिवण उलगडली. कडेनं शाईच्या पेनानं टिंबं दिल्यासारखे काळे ठिपके. ओल्या फडक्यानं पुसले तर तांबूस फराटा उमटला. ते माझंच रक्त, पचवून परत केलेलं. शेजारी कांद्याच्या पापुद्र्यासारख्या रित्या काती. पिल्लू मोठं होईतो पाचदा कात टाकतं आणि दर खेपेला आधी जेवून घेतं. मिलिमीटरभर पांढरी अंडीही होती. आणि बाजेच्या सांध्यात खुद्द मालक, मसुराच्या दाण्याएवढे आणि तसेच चपटे. खोलीला गोडसर कुबट वास यायला लागला, तर समजा वस्ती जुनी आहे.

ढेकणाला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. त्याला कोणीतरी आणावं लागतं. लग्नसराईत बिछायतीच्या गाद्या आष्टी, तळेगाव, आर्वी करत फिरतात आणि पाहुण्यांच्या बॅगाही. पण आहेर कोणी दिला, हे विचारायची रीत नाही.

मी गुपचूप औषध मारलं. दुसऱ्या दिवशी सगळं शांत. घरात शिरा झाला. आठवडाभरात अंडी फुटली. शिरा फुकट गेला. एका फवाऱ्यानं भागत नाही, हे तेव्हा कळलं.

शेवटी वैशाखातल्या एका दुपारी बाज आणि गादी स्लॅबवर नेली. पारा पंचेचाळीसच्या घरात. सगळा गाव कूलरपुढे पडलेला, कोण बघणार? पण नुसतं ऊन लावून चालत नाही, गादीखालच्या सावलीत हे लोक आरामात बसतात. म्हणून सांध्यांत ओतायला उकळत्या पाण्याचा गंज सोबत घेतला आणि गादी दर थोड्या वेळानं उलटायची ठरवलं. उलटताना वर पाहिलं तर शेजारच्या स्लॅबवर शेजारी. त्याच्याही हातात गंज, त्याचीही बाज उताणी.

दोघंही थबकलो.

"संत्र्याले भाव काय चालू हाय जी?" त्यानं विचारलं.

वैशाखात आंबिया बहाराची संत्री झाडावर लिंबाएवढी असतात.

"बरा हाय," मी म्हणालो.